तो निवाडा नव्हे, देकार आहे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून आमच्या तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये एकच वाद पंधरा दिवसांआड नव्याने पेटतो. एका बाजूचे म्हणतात, कोर्टाची आणि महसुलाची भाषा एकदाची पूर्ण मराठी करा. जजमेंट नको, न्यायनिर्णय म्हणा. इंजंक्शन नको, व्यादेश म्हणा. अवॉर्ड नको, निवाडा म्हणा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ही कोशातली मराठी पक्षकाराला इंग्रजीहून जड जाते, तेव्हा अवॉर्डला अवॉर्डच राहू द्या. दोन्हीकडे माझे मित्र आहेत, आणि दोघेही भलत्याच प्रश्नावर घसा कोरडा करताहेत असं मला मनापासून वाटतं. शब्द संस्कृतातून आला, फारसीतून आला की इंग्रजीतून, याने ज्याचं वावर गेलं त्याला काय फरक पडतो? त्याच्यासाठी प्रश्न एवढाच असतो, की हातात पडलेल्या कागदाचं नाव वाचून पुढे काय करता येतं आणि किती दिवसांत, याचा त्याला अंदाज येतो की नाही. या कसोटीवर आपल्या महसुली मराठीतला एक अतिशय देखणा शब्द साफ नापास होतो, तो म्हणजे ‘भूसंपादन निवाडा’. शब्द अस्सल आहे, जुना आहे, गावोगाव ठाऊक आहे. पण त्या कागदावर तो खोटं बोलतो. भूसंपादन अधिकाऱ्याने जमिनीचा भाव ठरवून काढलेला कागद निवाडा नसतो. तो सरकारने मालकापुढे ठेवलेला देकार, म्हणजे भावाचा प्रस्ताव असतो, आणि त्याला तेच नाव असलं पाहिजे.

हे मत मला पुस्तकातून मिळालेलं नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. अडीच लाख हेक्टर ओलिताखाली येणार असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि पुढची कित्येक वर्षं भंडारा, नागपूर, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत भूसंपादनाचे कागद घरोघर फिरत राहिले. आमच्या घरीही आले. माझे मोठे बाबा सातवी शिकलेले, सातबारा स्वतः वाचणारे, पटवाऱ्याशी हुज्जत घालून फेरफार दुरुस्त करून घेणारे. पण ‘निवाड्याची नोटीस’ आली तेव्हा त्यांनी ती कपाळाला लावल्यासारखी घडी करून ठेवली. भाव कमी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाजूच्या मौज्यात त्याच धानाच्या बांधीला जास्त भाव मिळाला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. म्हटलं, कुठे अर्ज करता येत नाही का? ते म्हणाले, “निवाडा झाला ना बापू. आता का बोलावं?” ठरल्या दिवशी ते गेले, दाखवलं तिथे सही केली, धनादेश घेऊन आले. हरकतीचा एक शब्द त्या पावतीवर नव्हता, आणि तो लिहायचा असतो हे तिथे कुणी त्यांना सांगितलं नाही.

आता त्या वेळचा कायदा काय म्हणत होता ते बघा. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हाधिकारी भाव ठरवत असे. तो अपुरा वाटला तर कलम १८ खाली अर्ज करून प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवायला सांगता येई. मुदत किती? भाव ठरवताना मालक हजर असेल तर सहा आठवडे. नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा तो कागद झाल्यापासून सहा महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. आणि कलम ३१ ची अट अशी, की हरकत न नोंदवता पैसे उचलले तर कलम १८ चा दरवाजा कायमचा बंद. म्हणजे ज्या कागदाला मोठे बाबा शेवट समजले, ती कायद्याच्या दृष्टीने सुरुवात होती, आणि त्यांच्या एका बिनहरकत सहीने तिचा खरोखरच शेवट झाला.

हा माझ्यासारख्या तालुक्याच्या वकिलाने काढलेला अर्थ नाही. १९०५ सालीच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या अपील न्यायालयाने, एझरा खटल्यात सांगून टाकलं, की जिल्हाधिकारी तिथे न्यायाधीश म्हणून बसत नाही. त्याची चौकशी प्रशासकीय असते आणि तिच्यातून निघतो तो सरकारच्या वतीने मालकाला दिलेला देकार. १९६१ मध्ये राजा हरिश्चंद्र राज सिंह यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका उचलून पुढचं पाऊल टाकलं. देकारच असेल तर तो समोरच्याला कळला पाहिजे. कचेरीत बसून सही केली की झाला, असं नाही. मुदत मोजायची ती मालकाला प्रत्यक्ष कळल्यापासून, किंवा कळलं असं न्यायाने मानता येईल तेव्हापासून. हा निर्णय लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, एका मराठी माणसाने. कायद्याच्या इंग्रजीत जो कागद शंभराहून अधिक वर्षं देकार आहे, तो मराठीत मात्र निवाडा म्हणून हिंडतो. मग भाषांतर कुणाला कळावं म्हणून केलं?

निवाडा या शब्दाचं वजन कुठून येतं तेही बघायला हवं. हा शब्द ‘निवडणे’शी नातं सांगतो. आपल्या आया-बहिणी सुपात तांदूळ घेऊन खडे वेगळे करतात ते निवडणं. तसं खरं-खोटं वेगळं करायचं तो निवाडा. मराठेशाहीत गोतसभा बसायची, पाटील, देशमुख, बलुतेदार एकत्र यायचे. दोन्ही वादी आधी लिहून द्यायचे की सभेचं म्हणणं मान्य करू. त्या कागदाला राजीनामा म्हणत. मग दोघांच्या तकरीरी, म्हणजे म्हणणी, लिहून घेतल्या जात, साक्षीपुरावा होई, शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण गावाची शीव त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नसे. शेवटी महजर किंवा निवाडपत्र तयार होई, त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत, कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी. हरणारा यजितखत, म्हणजे हार मान्य केल्याचा कागद, लिहून देई, जिंकणारा हरकी भरी आणि हरणारा गुन्हेगारी, म्हणजे दंड. त्या सभा आदर्श होत्या असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांत जातीची उतरंड होती, बाईचा आवाज जवळजवळ नव्हता, आणि जिंकल्याबद्दलही पैसे मोजावे लागत. पण एक गोष्ट पक्की होती: ज्याला ते निवाडा म्हणत त्यात वाद घालणारे दोघे असत आणि ठरवणारा तिसरा असे. दोन्ही म्हणणी आणि ती तोलल्याची कारणं त्याच कागदावर असत. आता मला सांगा, ज्याला जमीन हवी आहे त्या सरकारचाच अधिकारी जिथे भाव ठरवतो, तिथे तिसरा कोण? तिथे हरकती ऐकल्या जातात हे खरं. पण गिऱ्हाइकाने भावाबद्दलची तक्रार ऐकून घेतली म्हणून तो पंच होत नाही.

गोंधळ एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण आपल्या मराठीत निवाडा नावाचे निदान तीन कागद आहेत आणि तिघांचं नशीब वेगवेगळं आहे. लोकन्यायालयात तडजोड झाली की निघतो तो निवाडा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा समजला जातो आणि त्यावर अपील नाही. लवादाने दिला तोही निवाडा; तो रद्द करून घ्यायचा तर लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिन्यांत न्यायालयात जावं लागतं, फार तर आणखी तीस दिवसांची सवलत, आणि तीही मोजक्याच कारणांसाठी. आणि भूसंपादनाचा निवाडा, ज्याला ठराविक आठवड्यांत नाही म्हणता येतं. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली तर आधी सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम, मग ती मान्य नसेल तर लवाद, अशी आणखी वेगळी वाट. एकाच घरात धाकट्या भावाने लोकन्यायालयात धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, तंटा मिटवून निवाडा आणलेला असतो. त्याला सांगितलेलं असतं, “यावर अपील नाही,” आणि ते बरोबरच असतं. पुढच्या वर्षी थोरल्याच्या हाती कालव्याच्या जमिनीचा निवाडा पडतो. त्याने धाकट्याच्या अनुभवावरून काय समजायचं? त्याने जे समजायचं तेच तो समजतो. यात त्याचं अडाणीपण नाही. उलट तो शब्दाचा अर्थ प्रामाणिकपणे लावतो आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतले तीन खरोखर जड आहेत. पहिला असा, की शब्द आता रुळला आहे. हजारो फाइली, निकालपत्रं, नोंदवह्या या एका शब्दावर उभ्या आहेत. तो बदलला तर जुन्या कागदांचा नव्याशी मेळ बसणार नाही. दुसरा, इंग्रजी अवॉर्डसुद्धा तितकाच फसवा आहे आणि खुद्द कायदाच या कागदाला अंतिम आणि निर्णायक म्हणतो. मग दोष मराठीच्या माथी का? तिसरा आक्षेप माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा, आणि तो मला सगळ्यांत जास्त टोचतो. ते म्हणतात, शेतकरी शब्दाने नागवला जात नाही, गरजेने जातो. पोरीचं लग्न तोंडावर असतं, सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं, दारात दलाल बसलेला असतो. त्या कागदाला देकार म्हटलं काय नि निवाडा म्हटलं काय, तो पैसे उचलणारच.

तिसऱ्यापासून सुरू करतो. गरज खरी आहे, हे मी पंचवीस वर्षं रोज बघतो. पण कायदा गरजवंताला पैसे उचलू नको असं म्हणतच नव्हता. तो म्हणत होता, उचल, पण हरकत नोंदवून उचल. मुलीचं लग्नही होतं आणि हक्कही राहतो. यासाठी पावतीवर दोन शब्द जास्तीचे लागतात, पैसा एकही लागत नाही. आमच्या भागात ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यापैकी बहुतेकांना कुणीतरी आधी येऊन सांगितलं होतं, “अंडर प्रोटेस्ट लिहा.” हा इंग्रजी शब्दप्रयोग चौथी शिकलेल्या माणसानेही न अडखळता लिहिलेला मी पाहिला आहे, कारण तो काय काम करतो हे त्याला माहीत होतं. ज्याला कुणी सांगितलं नाही त्याच्याजवळ कागदाचं नाव एवढा एकच सल्लागार होता, आणि त्याने सल्ला दिला: झालं, संपलं. समृद्धी महामार्ग नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा करत मुंबईकडे गेला तेव्हा बरीच जमीन सरळ खरेदीने घेतली गेली. त्या व्यवहारांबद्दल तक्रारी होत्या, पण माझ्या पाहण्यातल्या शेतकऱ्यांची बोलण्याची रीत वेगळी होती. समोर खरेदीखत होतं. खरेदी म्हटली की भाव आला, आणि भाव आला की घासाघीस आली, हे कुणाला शिकवावं लागत नाही. तेच लोक, तीच गरज, तीच कपाशीची वावरं. नुसतं कागदाचं नाव खरं होतं.

दुसऱ्या आक्षेपातलं निम्मं मी मान्य करतो. अवॉर्ड हा शब्द इंग्रजीतही फसवतो, म्हणून तर प्रिव्ही कौन्सिलला खुलासा करावा लागला. आणि १८९४ च्या कलम १२ मध्ये तो कागद अंतिम म्हटला आहे, तसंच २०१३ च्या नव्या कायद्याच्या कलम ३७ मध्येही. पण दोन्हीकडे त्या वाक्याच्या पोटातच अपवाद आहे: यात पुढे म्हटलं आहे ते सोडून. ते पुढे म्हटलेलं म्हणजे मालकाची हरकत. इंग्रजी अवॉर्ड वाचणारा शेजारी वकील बसवून वाचतो, आणि वकील तो अपवाद शोधतो. निवाडा मात्र विहिरीवर, पारावर, एकट्याने वाचला जातो. मराठीकरणाचा हेतूच वकिलाशिवाय कळावं हा होता ना? मग जो शब्द वकील नसताना जास्त फसवतो, तो मराठी असल्याचा अभिमान कशासाठी बाळगायचा?

राहिला रुळलेपणाचा मुद्दा. शुद्धीवाले मित्र इथे नेहमी शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाचा दाखला देतात: महाराजांनी दरबारी फारसीला संस्कृत प्रतिशब्द करवून घेतले. घेतले हे खरं, आणि त्यामागची स्वत्वाची जाणीव मोठी होती. पण त्यानंतर शंभर वर्षांनी, पेशवाईतही, लोक महजर, तकरीर, राजीनामा हेच शब्द वापरत होते. शब्द कोशात घातल्याने टिकत नाही, कामाला येतो म्हणून टिकतो. राजीनाम्याचंच बघा. वर म्हटलं तसं तो एके काळी राजी असल्याचा, म्हणजे संमतीचा कागद होता. आज राजीनामा म्हटलं की नोकरी सोडल्याचा कागद. अर्थ पार उलटा फिरला आणि मराठी कोसळली नाही, की जुनी दप्तरं वाचणाऱ्यांचं काही अडलं नाही. मग भूसंपादनाच्या एका कागदाचं नाव बदललं तर आभाळ कोसळेल हे कशावरून? आणि जुना कागद नव्या नावाखाली तोच आहे, हे सांगायला परिपत्रकातलं एक वाक्य पुरतं.

दुसऱ्या टोकाच्या मित्रांना मी १३६२ चा इंग्लंडचा दाखला देतो. तिथल्या न्यायालयांत तेव्हा वाद फ्रेंचमध्ये चालत. आपल्या बाजूने काय बोललं जातंय आणि विरुद्ध काय, हे लोकांना कळतच नाही, असं कारण देऊन राजा तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला, की यापुढे वाद इंग्रजीत चालावेत. तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला होता आणि नोंदी पुढेही लॅटिनमध्ये राहिल्या. न्यायालयाचे कागद पूर्णपणे इंग्रजीत यायला १७३३ साल उजाडावं लागलं. बोली बदलली पण कागद बदलला नाही, तर मधल्या पावणेचारशे वर्षांसारखी वर्षं जातात. आपल्याकडे २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. पंचवीस वर्षं उलटली. म्हणून इंग्रजी शब्दांकडे परत जाणं हा उपाय मला पटत नाही. पक्षकाराला कळत नाही म्हणून कळेनासंच ठेवा, हा कुठला न्याय?

आणि चांगले शब्द आपल्याकडे नाहीत असंही नाही. मनाई हुकूम हा शब्द आमच्या भागात गुराख्यालाही कळतो: थांब, पुढे जाऊ नको. कोशातला व्यादेश त्याच्याशेजारी ठेवला तर कोण समजेल? हुकूमनामा हाही तसाच ताकदीचा. न्यायनिर्णयात कारणं असतात, हुकूमनाम्यात प्रत्यक्ष काय करायचं ते असतं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २ मध्ये या दोघांच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत. पण आपण दोघांना मिळून ‘निकाल’ म्हणतो आणि तिथेही माणसं अडकतात. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. धुऱ्यालगतच्या पाच आर जागेच्या ताब्याचा दावा नवऱ्याने जिंकला होता, निकालाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत जपली होती, दिवाळीला तिला हळदकुंकू लागायचं. शेजारी मात्र तिथे दरवर्षी नांगरत होता. निकाल लागला म्हणजे पोलीस किंवा तहसीलदार आपोआप येतील, अशी त्यांची समजूत. हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते आणि ताब्यासाठी तिला बारा वर्षांची मुदत आहे, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा तेरावं वर्ष चालू होतं. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीची गाठ परत बांधत राहिल्या.

कायद्याने या गोष्टींची दखल घेतलीच नाही असं मी म्हणणार नाही. १९८४ मध्ये जुन्या कायद्यात कलम २८ अ आलं: शेजाऱ्याला न्यायालयाने वाढीव मोबदला दिला, तर ज्याने अर्ज केला नव्हता त्यालाही त्या दराने मागता येतं, शेजाऱ्याच्या निकालापासून तीन महिन्यांत. २०१३ च्या कायद्यात कलम ७३ ने ही सोय पुढे ठेवली, आणि कलम ६४ ने मुदत चुकलेल्याला सबळ कारण दाखवल्यास आणखी एका वर्षापर्यंतची खिडकी उघडी ठेवली. चांगल्या तरतुदी आहेत. पण हरकत न नोंदवता रक्कम घेणाऱ्याचा हक्क जातो ही अट नव्या कायद्याच्या कलम ७७ मध्येही कायम आहे. आणि मोठ्या बाबांचं सांगतो. त्यांच्या शेजाऱ्याने अर्ज केला, लढला, दर वाढून मिळाला. मोठ्या बाबांना ते कळलं पुढच्या वर्षी, एका लग्नाच्या पंगतीत. तीन महिने केव्हाच सरले होते.

म्हणून मागणी दोन ओळींची आहे, आणि ती मान्य करायला संसदेत जावं लागत नाही. आपल्या भाषा संचालनालयाच्या आणि महसूल खात्याच्या हातातली आहे. निवाडा हा शब्द जिथे तिसऱ्याने दोघांचं ऐकून ठरवलं तिथेच वापरावा. भूसंपादन अधिकाऱ्याच्या कागदाच्या डोक्यावर ‘मोबदल्याचा देकार’ असं ठळक लिहावं, आणि लगेच खाली, कलमांच्या आधी, घरी बोलतो तशा मराठीत: ‘ही रक्कम सरकारने ठरवलेली आहे. ती तुम्हाला कमी वाटत असेल तर पैसे घेताना पावतीवर “हरकत नोंदवून घेतले” असं लिहा. त्यानंतर अमुक तारखेच्या आत अमुक ठिकाणी अर्ज करा. पैसे घेतल्याने तुमचा अर्ज करण्याचा हक्क जात नाही. हरकत न लिहिता घेतले तर जातो.’ तारखेची जागा मोकळी सोडू नये. ती कारकुनाने भरूनच कागद कचेरीबाहेर पडावा, आणि चावडीवर वाचून दाखवताना या पाच वाक्यांपासून सुरुवात व्हावी.